ऑटिस्टिक आणि नॉन-ऑटिस्टिक माणसांचं बोलणं कुठे अडतं आणि ते कसं सोडवायचं: घरात करून बघितलेल्या पायऱ्या

माझा धाकटा भाऊ पाच-सहा वर्षांचा असताना मामा घरी यायचा आणि निघताना दारात चप्पल घालत "चला, येतो" म्हणायचा, आणि भाऊ तिथेच उंबऱ्यापाशी बसून राहायचा. मामा येतो म्हणालाय ना, मग येईलच की आता. आई जेवायला हाका मारायची, हा उठायचा नाही, मग ओढाओढ, रडारड, आणि शेवटी सगळ्यांचं ठरलेलं वाक्य, "हट्टी आहे फार". आपल्याकडे जाताना "जातो" म्हणत नाहीत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि बाकी आम्हाला कोणाला ते सांगावं लागलं नव्हतं, एवढाच काय तो फरक होता.

तो आता ३१ चा आहे. ऑटिस्टिक आहे, म्हणजे जग अनुभवायची, बोलणं समजून घ्यायची त्याची पद्धत जन्मापासूनच वेगळी आहे, हे आम्हाला तो २६ चा झाल्यावर कळलं. मधली वीस वर्षं आम्ही एकाच घरात, एकच भाषा बोलत, एकमेकांना चुकीचं ऐकत काढली. गेल्या पाच वर्षांत आम्ही दोघांनी बसून बरंच काही बदललं, ते इथे क्रमाने लिहितेय. मी डॉक्टर किंवा थेरपिस्ट नाही, बहीण आहे. आणि एक आधीच सांगते, सगळी ऑटिस्टिक माणसं सारखी नसतात, कोणी कोट्या करण्यात पटाईत असतं, कोणी अजिबात बोलत नाही, त्यामुळे खालचं सगळं आपल्या माणसाला विचारून विचारून वापरा.

पायरी १: दोष एकाच बाजूला आहे हे डोक्यातून काढा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ खाते आणि हिच्याशिवाय पुढचं काही चालत नाही, म्हणून जरा सविस्तर.

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, कारण ऐकणाऱ्याला वाटतं हा माणूस स्वतःतच बुडालेला आहे, त्याला बाकीच्यांची पडलेली नाही. बरीच वर्षं तज्ज्ञसुद्धा साधारण तसंच मांडत होते, की ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन वाचता येत नाही, उणीव त्याच्यात. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, त्याला वेगळं नाव दिलं, डबल एम्पथी प्रॉब्लेम. म्हणजे काय तर जग अनुभवायची पद्धत वेगळी असलेली दोन माणसं समोरासमोर आली की दोघांनाही एकमेकांचं कळत नाही. ऑटिस्टिक माणसाला आपलं कळत नाही हे जितकं खरं, तितकंच आपल्यालाही त्याचं कळत नाही, फक्त आपण संख्येने जास्त असल्यामुळे आपल्या न कळण्याला कोणी आजार म्हणत नाही.

मग हे तपासलंही गेलं. एडिनबरोच्या संशोधकांनी २०२० मध्ये कानगोष्टीच्या खेळासारखा प्रयोग केला, आठ-आठ जणांच्या साखळ्या, पहिल्याला एक गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला, असं शेवटपर्यंत. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांत गोष्ट जितकी टिकली तितकीच सगळे नॉन-ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांत टिकली, गळती झाली ती मिसळलेल्या साखळ्यांत. पुढे २०२५ मध्ये त्याच गटाने ३११ लोकांवर मोठा प्रयोग केला, त्यात मिसळलेल्या साखळ्याही मागे पडल्या नाहीत. म्हणजे पहिल्या प्रयोगावरून फार उड्या मारू नयेत, पण ऑटिस्टिक माणसं माहिती पोचवण्यात कमी पडतात हे काही दोन्ही वेळा दिसलं नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते २०१७ चं काम, अमेरिकेतला संशोधक नोआ सॅसन आणि त्याच्या सहकाऱ्यांचं. ऑटिस्टिक लोकांच्या काही सेकंदांच्या क्लिप बघून बघणाऱ्यांनी ठरवलं की याच्याशी बोलावंसं, मैत्री करावीशी वाटत नाही. पण तेच बोलणं नुसतं लिहून वाचायला दिलं तेव्हा ही नापसंती दिसली नाही. शब्द तेच, फक्त आवाज आणि चेहरा काढून टाकलेला. माझा भाऊ कॉलेजात तीन वर्षं एकटा डबा खायचा, आणि मी त्याला सांगायचे, "तूच बोलत नाहीस कोणाशी."

पायरी २: आठवडाभर फक्त लिहून काढा

लगेच काही बदलायला जाऊ नका. एक वही घ्या आणि जिथे जिथे खटका उडाला तिथलं शब्दशः वाक्य लिहा. "तो उद्धट बोलला" असं लिहायचं नाही, तो काय म्हणाला आणि त्याआधी आपण काय म्हणालो ते लिहायचं. आमच्या वहीतली दोन सांगते. मी: "पंखा जास्त झालाय नाही?" तो: "तीनवर आहे." मला थंडी वाजत होती आणि त्याने पंखा कमी केला नाही म्हणून मी अर्धा तास फुगून बसले होते. दुसरं, आई: "तुला काही कळतं का, किती वाजले?" तो: "सव्वाअकरा." आईला वाटलं उलट उत्तर देतोय. त्याला प्रश्न विचारला, त्याने उत्तर दिलं.

आठवडा झाल्यावर वही वाचली तेव्हा माझ्या लक्षात आलं की पंधरा-सोळा खटक्यांपैकी जवळजवळ सगळ्यांत आमचं म्हणणं वाक्यात नव्हतंच, ते वाक्याच्या मागे कुठेतरी लपलेलं होतं.

पायरी ३: मराठी घरातली आडवळणं ओळखा

इथे जरा थांबते, कारण यावर मराठीत फारसं कोणी लिहीत नाही आणि इंग्रजी पुस्तकांत आपलं घर सापडत नाही.

आपली भाषा आडून बोलण्यात मुरलेली आहे. लेकी बोले सुने लागे ही म्हणच आहे आपल्याकडे, म्हणजे जिला सांगायचं तिला न सांगता दुसरीलाच सांगायचं आणि जिला लागायचं तिला लागतं. ऑटिस्टिक सुनेला ते लागत नाही, तिला वाटतं सासूबाई लेकीशी बोलतायत, आणि मग "इतकं बोलले तरी ढिम्म" असं होतं. "बघू" म्हणजे बहुतेक वेळा नाही. "या एकदा जेवायला" म्हणजे बऱ्याचदा नुसता निरोप, माझ्या भावाने त्यावर "कुठल्या तारखेला?" विचारलं आणि समोरच्या काकू गोंधळल्या. "आलोच" म्हणजे अर्धा तास. "पाच मिनिटात पोचतो" म्हणजे अजून घरातून निघालेलो नाही.

आणि काही शब्द तर सरळ उलटे. दुकान बंद करणं म्हणजे दुकान वाढवणं, बांगडी फुटली की बांगडी वाढवली. भाऊ बारा वर्षांचा असताना सत्यनारायणाला काका त्याला म्हणाले, "जा, नारळ वाढव." हा आत गेला, देवघरातून दुसरा नारळ आणला आणि पहिल्याशेजारी नीट ठेवला. एकाचे दोन केले, वाढवला. तीस माणसं हसली. तो तसाच उभा होता, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, हातात काही नाही, आणि कोणीही, मीसुद्धा, त्याला सांगितलं नाही की वाढवणं म्हणजे फोडणं. नंतर कित्येक वर्षं तो कुठल्याच पूजेला आला नाही.

मग आग्रह. तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा घ्यायचं हा खेळ सगळ्यांना येतो असं आपण धरून चालतो. तो पहिल्यांदाच "हो, दोन द्या" म्हणाला की हावरट ठरतो, आणि "नको" म्हणाला तरी पानात पोळी पडतेच, म्हणजे त्याच्या नको ला किंमतच नाही. आमच्या घरात आता एकदाच विचारायचं असा नियम आहे आणि नको म्हणजे नको. आईला हे सगळ्यात जड गेलं, अजूनही वाढायचा डाव हातात घेऊन दोन सेकंद थांबते बिचारी.

तुमच्या घरातली अशी वाक्यं तुम्ही शोधा, प्रत्येक घरात दहा-बारा तरी निघतील.

पायरी ४: वाक्य बदला

युक्ती साधी आहे. काय, किती, कधीपर्यंत, आणि झालं हे कसं ओळखायचं, एवढं वाक्यात असलं पाहिजे.

"जरा खोली आवर" च्या ऐवजी "खुर्चीवरचे कपडे कपाटात ठेव आणि टेबलावरचे कप मोरीत टाक, सहाच्या आत." "लवकर ये" च्या ऐवजी "साडेसातला ये, जेवण आठला आहे." "पंखा जास्त झालाय नाही?" च्या ऐवजी "पंखा दोनवर कर, मला थंडी वाजतेय." लोकांना वाटतं असं बोलणं म्हणजे हुकूम सोडणं, पण माझा भाऊ म्हणतो त्याला उलट हलकं वाटतं, कारण नाहीतर प्रत्येक वाक्यानंतर त्याला मनात चार अर्थ लावून त्यातला एक निवडायला लागतो आणि तो चुकला की ओरडा.

मोबाईलवर पण हेच. "तुझ्याशी बोलायचंय, संध्याकाळी बघू" असा मेसेज कधीच पाठवू नका, दिवसभर पोटात गोळा येतो. "संध्याकाळी लाईट बिलाबद्दल बोलू, मी रागावले नाहीये" एवढं लिहायला दहा सेकंद लागतात. आणि फोन करण्यापेक्षा मेसेज बरा, कारण फोनवर चेहरा नाही, वेळ नाही, आणि उत्तर लगेच द्यायचं.

टोमणे बंद. राग आला तर "मला राग आलाय, कारण तू सांगितल्याशिवाय निघून गेलास" असं सरळ म्हणायचं. यात आपल्यालाही कळतं की आपल्याला नक्की कशाचा राग आलाय, ते मला आधी बऱ्याचदा माहीतच नसायचं.

पायरी ५: थांबा

नेहमीच्या गप्पांत एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा वगैरे लागतो, वेगवेगळ्या दहा भाषांत मोजलंय हे. त्या तालात सवय झालेल्या माणसाला तीन सेकंदांची शांतता म्हणजे रुसवा किंवा दुर्लक्ष वाटतं. मग आपण प्रश्न परत विचारतो, शब्द बदलून, आणि समोरच्याने जे जुळवत आणलेलं असतं ते कोसळतं, परत पहिल्यापासून.

मी प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजते. पहिले काही दिवस जीव जातो अक्षरशः. पण त्या दहा आकड्यांनंतर मला माझ्या भावाची अशी उत्तरं मिळाली जी आधी कधी मिळाली नव्हती, कारण मी ती येऊच दिली नव्हती.

पायरी ६: "माझ्याकडे बघून बोल" हे बंद करा

बऱ्याच ऑटिस्टिक लोकांना डोळ्यात बघणं आणि ऐकणं एका वेळी जमत नाही, बघितलं तर ऐकू येणं कमी होतं, काहींना तर ते अक्षरशः बोचतं. तो खिडकीकडे बघत असेल तर कदाचित तो तुमचंच नीट ऐकतोय.

आमच्या सगळ्यात चांगल्या गप्पा शेजारी शेजारी बसून झाल्यात. मटार सोलताना, बाईकवर मागे बसून, रात्री गच्चीत चालताना. हाताला काम असलं की त्याचं बोलणं सुटतं. बोटं हलवणं, पुढेमागे झुलणं, तेही थांबवू नका, त्याने त्याचं डोकं जागेवर राहतं.

लहान मुलांना पाहुण्यांसमोर "नमस्कार कर, नाव सांग, पाया पड" अशी परेड लावू नका. लांबून हात हलवला तरी नमस्कारच झाला.

पायरी ७: माया कुठल्या रूपात येते ते शिका

आजी गेली त्या दिवशी घर भरलेलं होतं, भाऊ रडला नाही. दुपारी तो आत्याजवळ जाऊन म्हणाला, "आता रविवारी गोळ्या कोण भरणार?" आत्या तडकली, "काही काळीज आहे की नाही याला." आजीचा तो सात कप्प्यांचा प्लॅस्टिकचा गोळ्यांचा डबा दर रविवारी रात्री हाच भरायचा, सकाळ-दुपार-रात्र, चार वर्षं, एकदाही चुकला नाही. ते त्याचं रडणं होतं. आम्हाला ते ओळखता आलं नाही.

साधारण निम्म्या ऑटिस्टिक लोकांना स्वतःच्या भावना ओळखून त्यांना नाव देणं अवघड जातं असं संशोधनात आढळलंय. वाटत नाही असं नाही, खूप वाटतं, पण ते नक्की काय आहे हे कळायला तास किंवा दिवस लागतात. म्हणून "कसं वाटतंय?" या प्रश्नाला "माहीत नाही" हे खरं उत्तर असतं. त्याऐवजी शरीराचं विचारा, डोकं जड आहे का, भूक लागलीय का, कोणी नको आहे का खोलीत.

आणखी एक. तुम्ही तुमचं दुःख सांगितलं आणि त्याने लगेच स्वतःचा तसाच किस्सा सांगितला तर तो स्वतःकडे विषय ओढत नाहीये, "मलाही हे माहितीये, तू एकटी नाहीस" असं म्हणतोय. आणि तो त्याच्या आवडीच्या विषयावर बोलायला लागला तर ती मैत्री आहे. माझ्या भावाचा विषय मोडी लिपी. हात न उचलता अक्षरांना अक्षरं जोडत जायची कशी, हे तो तासभर सांगू शकतो. मी आधी हं हं करत मोबाईल बघायचे. आता खरं सांगते, "मला पंधरा मिनिटं आहेत, सांग", आणि ती पंधरा मिनिटं पूर्ण त्याची. त्याला खोट्या हं पेक्षा हे कितीतरी बरं वाटतं.

पायरी ८: भांडण झाल्यावर तीन ओळी

भांडणाच्या मध्यात काहीही समजावू नका. आवाज चढला, तो गप्प झाला किंवा कान झाकले, की शब्द बंद करा, लाईट कमी करा, एकटं सोडा. त्या वेळी "बोल ना, काय झालं" म्हणजे बुडणाऱ्याला पत्ता विचारणं. अगदी गरज असेल तर हो किंवा नाही अंगठ्याने दाखवता येईल असं एकच विचारा.

दुसऱ्या दिवशी, पोट भरलेलं असताना, कागदावर तीन ओळी. मी काय म्हणाले. मला काय म्हणायचं होतं. तुला काय ऐकू आलं. मग तोच कागद उलट्या बाजूने, त्याच्या वाक्यासाठी. तो एकदा मला म्हणाला होता, "हा ड्रेस तुला घट्ट होतोय", कार्यक्रमाला निघताना, दारात, आणि मी रडले होते. कागदावर त्याने लिहिलं, "मागच्या वेळी तू घट्ट कपड्यांत दिवसभर वैतागली होतीस, तसं होऊ नये." यावर आम्ही ठरवलं की निघायच्या आधी अर्धा तास सांगायचं, दारात नाही, कारण दारात काही बदलता येत नाही. तो खोटं बोलायला शिकला नाही, मी शिकवणारही नाही, फक्त वेळ बदलली.

पायरी ९: लग्नं आणि ऑफिस

लग्नाला जायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, कोण कोण असेल, किती वाजता जेवण, बसायचं कुठे, आणि किती वाजता निघायचं. स्पीकरपासून लांबची खुर्ची. "आता निघायचंय" यासाठी एक खूण ठरवा आणि ती दिसली की खरंच निघा, "अजून दहा मिनिटं" नाही.

ऑफिसात असाल तर तोंडी सांगितलेलं काम दोन ओळींत लिहून पाठवा, मीटिंगचे विषय आधी द्या, आणि काम चुकलं तर काय चुकलं ते सांगा, "जरा अजून प्रोफेशनल हवंय" याचा अर्थ कोणालाच कळत नाही. आपल्याकडे १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझमचं नाव नव्हतं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये ते आलं, आणि त्यात गरजेनुसार वाजवी सोय करून देण्याची कल्पनाही आहे. लेखी सूचना मागणं ही चैन नाही, हे मॅनेजर लोकांनी लक्षात ठेवा.

जी माणसं बोलत नाहीत, चित्रांवर किंवा टॅबवर बोट ठेवून सांगतात, त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलू नका. ऐकू येतं. त्यांनाच विचारा आणि मघाशी म्हटलं त्याहून जास्त थांबा.

पायरी १०: तुम्ही स्वतः ऑटिस्टिक असाल तर

तुम्ही आयुष्यभर आमच्या बाजूला चालत आलायत, सतत हसरा चेहरा लावून, वाक्यं पाठ करून, आणि घरी आल्यावर दोन तास अंधारात पडून, त्यामुळे अजून करा असं मी म्हणणार नाही. फक्त भावाला उपयोगी पडलेली काही वाक्यं देते, हवी तर घ्या. "तुम्हाला हो म्हणायचंय की नाही?" "मी रागावलो नाहीये, माझा आवाज असाच आहे." "मला विचार करायला वेळ द्या, उद्या सकाळी सांगतो." "उपाय हवाय की नुसतं ऐकून घेऊ?" या शेवटच्या वाक्याने आमच्या घरातली निम्मी भांडणं गेली, आता आईसुद्धा बाबांना ते विचारते.

हे सगळं लिहून झाल्यावर मी भावाला वाचायला दिलं. त्याने दोन ठिकाणी खूण केली. एक, गोळ्यांचा डबा चार वर्षं नाही, चार वर्षं सात महिने. दुसरं, "तू एक पायरी विसरलीस. ठरलेलं बदललं तर बदललं त्याच क्षणी सांगायचं, कारण माहीत नसलं तरी सांगायचं, नाहीतर मी जुनंच धरून बसलेला असतो." मी विचारलं कितवी पायरी करू. तो म्हणाला अकरावी, आणि मामाला पण पाठव.